गाव निवडताना : हवा, पाणी आणि वाईट महिना

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात २६ जानेवारीच्या ध्वजवंदनानंतर झालेल्या विद्यार्थी गुणगौरव कार्यक्रमातील भाषण. वेळेअभावी बोलायच्या राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहून काढताना घातल्या आहेत.)



निकाल मे महिन्यात लागले आणि कौतुक जानेवारीत होत आहे. पण सोसायटीचं काम आहे, मी स्वतः सहा वर्षं कमिटीत होतो, तेव्हा यावर मी जास्त बोलू नये हे बरं.

सेक्रेटरींनी मला पंधरा मिनिटं दिली आणि विषय दिला ‘करिअरची निवड’. मी त्यांना म्हटलं, अहो, मी १९७३ साली बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलो तो २०१० साली निवृत्त होऊनच बाहेर पडलो. करिअर निवडायचा प्रसंग माझ्यावर आलाच नाही. आता कोणत्या शाखेला मागणी आहे आणि कोणतं काम यंत्रं करणार आहेत, हे माझ्यापेक्षा समोर बसलेल्या मुलांना जास्त कळतं. मला माहिती आहे ती बदल्यांची. ३७ वर्षांत नऊ गावं आणि अकरा घरं झाली. त्यामुळे काय शिकायचं ते तुम्ही ठरवा. कुठे शिकायचं आणि कुठे राहायचं, यावर मी थोडं बोलतो.

संध्याकाळी सी विंगच्या कट्ट्यावर आम्ही म्हातारे बसतो तेव्हा पालकांचं बोलणं कानावर पडतं. कॉलेजचं रँकिंग काय, फी किती, प्लेसमेंट कसं, मेसमध्ये शाकाहारी मिळतं का, आपलं कुणी ओळखीचं तिथे आहे का. सगळे रास्त प्रश्न आहेत. पण तिथे जुलैत काय होतं, डिसेंबरात काय होतं, हे विचारणारा पालक मी क्वचितच पाहिला. लग्नाचा हॉल घेताना आपण पावसाळा आहे का ते बघतो, आणि मुलगी चार वर्षांसाठी पाठवताना बघत नाही.

आपल्या भाषेत ‘मानवणं’ असा एक छान शब्द आहे. हवा चांगली किंवा वाईट असं आपली जुनी माणसं फारसं म्हणत नसत. हवा मानवली, पाणी मानवलं नाही, असं म्हणत. म्हणजे कुणाला, हे त्यात आलंच.

हे मला आमच्या घरातच कळलं. आमच्या सौभाग्यवती समोरच्या रांगेत बसल्या आहेत, त्यामुळे तिखटमीठ लावायची सोय नाही. त्यांना लहानपणापासून दम्याचा त्रास. १९८१ साली माझी बदली रत्नागिरीला झाली तेव्हा नातेवाइकांनी हेवा केला. समुद्र, आंबे, मासे, मोकळी हवा! आम्ही एप्रिलमध्ये गेलो, आणि पहिले दोन महिने खरंच तसे होते. मग सात जूनच्या सुमारास पाऊस सुरू झाला. कोकणचा पाऊस पाहुणा म्हणून पाहणं वेगळं आणि त्यात संसार करणं वेगळं. मिठाचं पाणी व्हायचं, काडेपेटी ओढून ओढून गुळगुळीत व्हायची. धाकट्याचे लंगोट वाळवायला शेगडीवर टोपली पालथी घालायची आणि त्यावर पसरायचे, म्हणजे त्यांना धुराचा वास. चपलांवर, पट्ट्यावर, माझ्या पदवीच्या सर्टिफिकेटवर बुरशी आली. बँकेत तेच. नोटांची बंडलं तिजोरीतून काढली की मऊ आणि गारढोण लागायची, लेजरची पानं एकमेकांना चिकटायची. या सगळ्याचं हसू यायचं. रात्री दोन वाजता ही उशाला टेकून बसून श्वास ओढायची, तेव्हा मात्र हसू यायचं नाही. तिथल्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं की घरातल्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, ते दमट हवेत वाढतात, बुरशीही वाढते, आणि काहींचा दमा त्यानेच उसळतो. त्यांनी औषध दिलं आणि भिडस्तपणे विचारलं, “साहेब, बदली कधी आहे?”

बदली आली ती १९८४ ला, अकोल्याची. ज्यांनी आधी हेवा केला होता त्यांनी आता कीव केली. मेमध्ये ४४-४५ अंश, सकाळच्या शाळा, खिशात कांदा, खिडकीला वाळ्याच्या तट्ट्या लावलेला कूलर, रात्री गच्चीवर पाणी मारून अंथरुणं. मी स्वतः पहिला उन्हाळा कसा काढला ते मला विचारू नका. पण अकोल्याच्या तीन वर्षांत हिला मोठा अ‍ॅटॅक दोनदाच आला. रत्नागिरीत महिन्यात दोनदा यायचा. आणि त्याच घरात, त्याच कूलरसमोर, आमच्या धाकट्याचा घोळणा दर मेमध्ये फुटायचा. पोरगं शाळेतून यायचं ते शर्टावर रक्ताचे डाग घेऊन. आता सांगा, अकोल्याची हवा चांगली की वाईट? मी आजही सांगू शकत नाही. आईला मानवली, मुलाला नाही.

पाण्याचंही तिथेच शिकलो. अकोला, अमरावती, बुलढाण्याकडे पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, तिथल्या विहिरींचं पाणी खारट. वसुलीला गेलो की शेतकरी तांब्या पुढे करायचा आणि अभिमानाने सांगायचा, “साहेब, गोडं आहे, लांबून आणलं.” त्या भागात मुलगी देताना आधी पाण्याची चौकशी व्हायची असं मी अनेक घरांत ऐकलं. जमीन किती, हे नंतर. आपण पुण्यात फ्लॅट बघताना नळाला पाणी कोणत्या महिन्यात बंद होऊन टँकर सुरू होतो, हे विचारतो का? विचारलं तरी मार्च ते जून म्हणून विचारत नाही, ‘पाणी आहे ना’ एवढंच विचारतो. बिल्डर ‘आहे’ म्हणतो, आणि तो खोटं बोलत नसतो, कारण आपण गेलेलो असतो ऑक्टोबरमध्ये.

मग १९९१ ते ९५ मी वाईला होतो. हवेचा अभ्यास करायला महाराष्ट्रात याच्यासारखी जागा नाही, असं माझं मत आहे. वाईहून पसरणी घाट चढला की पाचगणी, आणि तिथून पुढे वीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर. सगळं मिळून तीस-बत्तीस किलोमीटरचं अंतर. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. पाचगणीला दोन हजारांच्या आसपास. आणि खाली वाईला सात-आठशे, म्हणजे आपल्या पुण्यासारखाच. पाचगणी आणि महाबळेश्वर यांच्या उंचीत म्हणावा असा फरक नाही, पण महाबळेश्वर सह्याद्रीच्या कड्यावर आहे आणि पाचगणी त्याच्या पाठीमागे, पूर्वेला. ढग आधी कड्यावर रिकामे होतात, मागे उरेल ते पाचगणीला. जुन्या महाबळेश्वरात पावसाळ्याआधी घरांच्या भिंतींना बाहेरून गवताच्या ताट्या बांधून घ्यायचे, आणि ज्यांना शक्य होतं ते चार महिने खाली उतरायचे.

इंग्रजांना हे बरोबर कळलं होतं. महाबळेश्वर उन्हाळ्याला उत्तम, पण पावसाळ्यात राहण्याजोगं नाही, म्हणून बारा महिने राहता येईल अशी थंड जागा त्यांनी शोधली आणि १८६० च्या सुमारास जॉन चेसन नावाच्या माणसाच्या देखरेखीखाली पाचगणी वसवली. तिथले सिल्व्हर ओक त्याच वसाहतीच्या काळातले. पुढे निवासी शाळा निघाल्या त्या पाचगणीला, महाबळेश्वरला नाहीत. मुलांना बारा महिने ठेवायचं तर जागा बारा महिन्यांची हवी. क्षयाच्या रुग्णांसाठी बेल-एअरचं आरोग्यधामही पाचगणीलाच झालं. आणि खाली वाईत प्राज्ञपाठशाळा, नंतर विश्वकोशाचं कार्यालय. विश्वकोशाची ती कागदांची कपाटं पाहताना मला रत्नागिरीची आमची लेजरं आठवायची.

वाईच्या त्या काळात माझ्याकडे वरच्या हॉटेलवाल्यांची कर्जप्रकरणं यायची. हॉटेलवाला हिशेब दाखवायचा तो मे महिन्याचा. खोल्या फुल्ल, बाहेर गाड्यांची रांग, गल्ला भरलेला. आमचे एक जुने मॅनेजर होते, त्यांनी मला शिकवलं होतं की त्याचा मे महिना ऐकून घ्यायचा, चहा प्यायचा, आणि मग विचारायचं, “ऑगस्टचं कसं करता?” हप्ता ऑगस्टमध्येही भरायचा असतो. ज्याच्याकडे ऑगस्टचं उत्तर तयार असायचं, त्याचं प्रकरण मी विनाचिंता पुढे पाठवायचो.

मुलांनो, मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. तुम्ही जे गाव, जे कॉलेज, जी खोली निवडाल तिचा ऑगस्ट विचारा. प्रत्येक गावाचा एक वाईट महिना असतो. माहितीपत्रकावर जो फोटो असतो तो त्या महिन्यातला नसतो. सरासरी तापमान बघून उपयोग नाही. सरासरीत मे आणि डिसेंबर एकमेकांना खाऊन टाकतात. वाईट महिना कोणता, तो किती दिवस चालतो, त्या काळात तिथली माणसं काय करतात, आणि तो नेमका परीक्षेच्या वेळी येतो का, एवढं विचारा. आणि मग स्वतःचं शरीर त्यापुढे ठेवून बघा.

पुण्याची गोष्ट सांगितल्याशिवाय पुणेकर मला खाली उतरू देणार नाहीत. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर हिवाळ्यात मुंबईला, उन्हाळ्यात महाबळेश्वरला आणि पावसाळ्यात पुण्याला असायचा. त्याच्या पावसाळी मुक्कामासाठी गणेशखिंडीत बांधलेला वाडा म्हणजे आज आपल्या विद्यापीठाची मुख्य इमारत. आणि हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्याला आलं, म्हणून शिवाजीनगरच्या त्या कचेरीला आणि तिथल्या बसस्टॉपला लोक अजून ‘सिमला ऑफिस’ म्हणतात. मुख्यालय पुढे दिल्लीला गेलं, नाव राहिलं. तेव्हा पुण्याची हवा चांगली, हे कौतुक खरं आहे. पण ते सबंध शहराचं झालं. तुमचं घर त्या शहरात नेमकं कुठे आहे, हे त्यात येत नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठा पाण्यात गेल्या आणि टेकडीवरच्यांनी फक्त ऐकलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला लोंढा आला, तेव्हा त्याच शहरात काही किलोमीटरवर लोक टीव्ही बघत होते. २०२४ च्या जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं.

घर घेणाऱ्या तरुण जोडप्यांसाठी सांगतो, नदीच्या दोन पूररेषा नकाशावर असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे सरासरी २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. २५ वर्षं म्हणजे फार वाटतात. आपल्या सोसायटीला आज तेवढीच झाली, आणि कालच आल्यासारखं वाटतं. गृहकर्ज २० वर्षांचं असतं, हेही ध्यानात घ्या. मी इथलं बुकिंग केलं ते जुलैमध्ये, गुडघाभर चिखलातून प्लॉटभोवती चक्कर मारून, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते बघून. बिल्डरच्या माणसाला वाटलं, हा गृहस्थ विक्षिप्त आहे. मी पूर्वेकडचा फ्लॅट मागितला तेव्हा त्याला वाटलं मी वास्तुशास्त्रवाला आहे. मी पाऊसशास्त्रवाला. आपल्याकडे पाऊस मारतो तो पश्चिम-नैऋत्येकडून, आणि एप्रिलचं दुपारचं ऊनही पश्चिमेच्या भिंतीवर. ए विंगच्या त्या भिंतीवर गेल्या २५ वर्षांत वॉटरप्रूफिंगचे किती खर्च झाले, हा विषय मी इथे काढत नाही, सर्वसाधारण सभा सप्टेंबरमध्ये आहे.

आता परदेशी जाणाऱ्यांविषयी. २००१ साली बँकांसाठी शैक्षणिक कर्जाची नमुना योजना आली, आणि माझ्या शेवटच्या नऊ-दहा वर्षांत मी अशी बरीच प्रकरणं पाहिली. फॉर्मवर खर्चाचे रकाने असायचे : फी, वसतिगृह, पुस्तकं, प्रवास, संगणक. मी पालकांना कोऱ्या कागदावर आणखी एक रकाना काढून द्यायचो, त्याला नाव दिलं होतं ‘हवेचा खर्च’. कोट, बूट, हातमोजे, खोली गरम करण्याचं किंवा गार करण्याचं बिल, पायी जाता येत नाही म्हणून लागणारा बसचा पास. काही पालक हसायचे. पण या कर्जात हप्ते अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत थांबतात, व्याज थांबत नाही. हवा बाधली म्हणून मुलाने एक सत्र सोडलं तर त्या सहा महिन्यांचं व्याजही बापाच्या डोक्यावर.

आपल्याच सोसायटीतला एक मुलगा कॅनडात विनिपेगला गेला. नाव घेत नाही, त्याची आई समोर बसली आहे. प्रवेश जानेवारीच्या सत्राचा. म्हणजे पुण्याहून २५ अंशांतून निघाला आणि उणे २८ मध्ये उतरला. तिथे जानेवारीत रात्रीचा पारा उणे वीसच्या खाली जाणं नेहमीचंच, कधी उणे चाळीसच्या घरातही जातो. गंमत अशी की उणे चाळीसला सेल्सिअस आणि फॅरनहाइट सारखेच असतात, तेव्हा कोणत्याही मापाने मोजा. रात्री गाडीच्या इंजिनाला विजेची वायर जोडून ठेवतात, नाहीतर सकाळी गाडी सुरू होत नाही. इथून मोठ्या हौसेने घेतलेलं जाकीट पहिल्याच दिवशी बाद झालं. पण मी त्याला मुद्दाम विचारलं तेव्हा तो म्हणाला, “काका, थंडीचं काही नाही हो. घरात, बसमध्ये, कॉलेजात सगळीकडे उबदार असतं. मला अंधाराने खाल्लं.” त्याची खोली तळघरात होती, भाडं कमी म्हणून. खिडकी वहीएवढी. सकाळी अंधारात निघायचा, संध्याकाळी अंधारात परत. दोन महिन्यांत त्याचं फोनवर बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. आईच्या ते लक्षात आलं, आईच ती. सत्र बदलताना त्याने शंभर डॉलर जास्त देऊन वरच्या मजल्यावरची, दक्षिणेकडे खिडकी असलेली खोली घेतली. आता तो तिथेच नोकरी करतो आणि बर्फावरचे फोटो पाठवतो.

पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवसही अकरा तासांचा असतो. विनिपेगला तो आठ तासांचा, एडिंबरोला सातच. हा आकडा कोणत्याही कॉलेजच्या माहितीपत्रकात नसतो, पण पृथ्वीच्या गोलावर अक्षांश बघितले की कळतो. शाळेत भूगोल मार्कांपुरता केला असेल, तर पुस्तक रद्दीत टाकू नका.

उलटही होतं. आमच्या नात्यातली एक मुलगी अमेरिकेत अ‍ॅरिझोनाला, टेंपीला निघाली, तर मावश्यांनी स्वेटर विणून दिले. अमेरिका म्हणजे बर्फ! टेंपी फिनिक्सला लागून आहे, वाळवंटात. २०२३ च्या जुलैमध्ये फिनिक्सला सलग ३१ दिवस पारा ११० फॅरनहाइटला, म्हणजे ४३ अंशांना पोहोचत होता. आणि वर्ग सुरू होतात ऑगस्टमध्ये. माझं अकोला बरं, निदान जूनमध्ये पाऊस येतो. ती आली की सांगते, दुपारी बसस्टॉपवर उभं राहणं हाच तिथला सर्वांत अवघड पेपर.

हे सगळं ऐकून कुणी म्हणेल, आबासाहेब, असं हवापाणी बघत बसलो असतो तर कुणी घराबाहेरच पडलं नसतं. म्हणून आनंदीबाई जोशींविषयी बोलतो. १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ही मुलगी बोटीने अमेरिकेला गेली. फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकून १८८६ मध्ये डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या इस्पितळात तिची नेमणूकही ठरली होती. पण परतली ती क्षयाने पोखरून, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यातच गेली. बाविसावं वर्षही पुरं नव्हतं. तिच्या चरित्रांत एक तपशील येतो, तो मला कधी विसरता आला नाही. तिच्या खोलीतली शेकोटी नीट चालत नव्हती. पेटवली तर खोलीभर धूर, न पेटवावी तर कडाक्याची थंडी. तिला रोज या दोहोंतलं एक निवडावं लागे. क्षय त्यानेच झाला असं मी म्हणत नाही, तो रोग तेव्हा जगभर होता. पण एवढा मोठा निर्धार केलेल्या मुलीच्या वाट्याला शेवटी एक धुराची शेकोटी आली, हे वाचून पोटात कालवतं. तिला पत्र पाठवून उत्तर यायला महिने लागत. खोली कशी आहे, शेकोटी चालते का, हे कलकत्त्याच्या धक्क्यावरून ती कुणाला विचारणार होती? तुम्ही आज रात्री विचारू शकता. खोलीचा व्हिडिओ मागवू शकता.

आता शेवटची गोष्ट, आणि ती माझ्या घरचीच आहे. आजीचा दमा एक पिढी सोडून नातीकडे आला. गेल्या वर्षी तिच्यापुढे दोन जागा होत्या. एक दिल्लीत, इतिहास ऑनर्स, तिला हवं तेच कॉलेज. दुसरी हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठात, पाच वर्षांचा एकत्रित अभ्यासक्रम. हैदराबाद दख्खनच्या पठारावर, उंची जवळपास पुण्याइतकी, हवाही ओळखीची. दिल्लीचं मी तुम्हाला सांगायला नको. ऑक्टोबर सरला की वारा पडतो, थंड हवा जमिनीलगत बसते, तिच्यावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो, आणि खाली गाड्यांचा धूर, धूळ, दिवाळीचे फटाके, पंजाब-हरियाणात भाताचे खुंट जाळल्याचा धूर असं सगळं कोंडतं. हवेच्या निर्देशांकात ५० पर्यंत चांगली, आणि ४०० च्या वर गेली की ‘गंभीर’. दिल्लीचा नोव्हेंबर अनेकदा त्या घरात असतो. फेब्रुवारीत कॉलेज बघायला गेलेल्याला यातलं काही दिसत नाही. तिथे तेव्हा फुलं असतात.

घरात दोन तट पडले. मुलगा आणि सूनबाई हैदराबादच्या बाजूने. आजी गप्प, कारण तिला रत्नागिरीच्या रात्री माहीत होत्या आणि नातीचं तोंडही दिसत होतं. मला विचारलं तेव्हा मी हो-नाही काही म्हटलं नाही. नातीला सांगितलं, दिल्लीचा नोव्हेंबर काढून आण. आठ दिवस लागले तिला. तिने तिथल्या तीन मुलींना शोधून काढलं, त्यातल्या एकीला दमा होता. नोव्हेंबरमध्ये वर्ग ऑनलाइन होतात का, हजेरीचं काय, वसतिगृह रस्त्यापासून किती आत, रात्री दोनला श्वास लागला तर जवळचं इस्पितळ कोणतं आणि गेटची किल्ली कुणाकडे, हे सगळं तिने वहीत लिहिलं. छातीच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी सांगितलं, जायला हरकत नाही, पण रोजचा इनहेलर बरं वाटतं म्हणून एक दिवसही बंद करायचा नाही, आणि ऑक्टोबर उजाडायच्या आत तपासून जायचं. मी डॉक्टर नाही, तेव्हा हे कुणी स्वतःला लावून घेऊ नका, आपापल्या डॉक्टरांना विचारा. वहीच्या शेवटच्या पानावर तिने लिहिलं होतं, ‘आबा, हैदराबादला मला काही होणार नाही, पण मी चार वर्षं दिल्लीचाच विचार करत राहीन.’

ती दिल्लीला गेली. रस्त्यापासून आतली खोली मिळाली. दिवाळीला जोडून दहा दिवस घरी आली, आणि परत जाताना तिच्या आजीने तिच्या बॅगेत काय काय भरलं ते फक्त विमानतळावरच्या माणसांना माहीत. पहिला नोव्हेंबर झाला. दोन रात्री वाईट गेल्या. एका रात्री मैत्रिणींनी तिला वहीत लिहिलेल्या त्याच इस्पितळात नेलं, नेब्युलायझर दिला, सकाळी सोडलं. आम्हाला कळलं दुसऱ्या दिवशी दुपारी, कारण मैत्रिणींना तिने बजावलं होतं की रात्री पुण्याला फोन करायचा नाही. यावरून सूनबाई अजून तिच्याशी नीट बोलत नाहीत. मी कोणाची बाजू घेत नाही. पुढच्या सप्टेंबरमध्ये तपासणीला आली की राहायचं की बदलून घ्यायचं, हे ती पुन्हा ठरवणार आहे, तसं ठरलंच आहे आमचं. परवा फोनवर म्हणाली, आबा, आता थंडी आहे पण ऊन पडतं, लॉनवर बसून वाचते आहे.

पंधरा मिनिटांची पंचवीस झाली, सेक्रेटरी मघापासून घड्याळाकडे बघत आहेत आणि मागे वडे गार होत आहेत. ज्यांना बक्षिसं घ्यायची आहेत त्यांनी डाव्या बाजूने रांग करावी. बारावीच्या मुलांपैकी ज्यांनी बाहेरगावी अर्ज केले आहेत, त्यांनी मला कट्ट्यावर येऊन गावाचं नाव सांगावं. माझ्या जुन्या बदल्यांच्या नऊ गावांपैकी असेल तर ऑगस्ट कसा असतो ते मी सांगेन. नसेल तर आपण मिळून शोधू, मला दुपारी वेळ असतो.